आधी सीट, मग पट्टा: ट्रकच्या केबिनमध्ये नीट बसायचं कसं

पट्टा गळ्याला काचतो. पोटावर आवळतो. गाडी खड्ड्यात आदळली की खांदा खाली ओढतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती चढत असताना कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, पट्टा का लावत नाही, तर या तीनपैकी एक उत्तर मिळतं, आणि ते खोटं नसतं. मी बावीस वर्षं ट्रक चालवला, आता नव्या पोरांना गाडीवर बसवतो. एवढ्या वर्षांत माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. पट्टा त्रास देतो तेव्हा बहुतेक वेळा दुखणं सीटमध्ये असतं. सीट जागेवर नसेल तर पट्टा अंगावर जागेवर बसत नाही, मग तो काचणारच. म्हणून पट्ट्याबद्दल सांगायचं झालं तर सुरुवात सीटपासून करावी लागते.

पहिल्या वेळी या सगळ्याला दहा मिनिटं लागतील. हात बसला की दोन मिनिटांत होतं. गाडी सपाट जागेवर उभी असावी आणि हँडब्रेक ओढलेला असावा. चालत्या गाडीत सीटच्या दांडीला हात लावायचा नाही. का, ते पुढे येईलच.

बसण्याआधी

मागच्या खिशातलं पाकीट काढा. पाकिटावर बसलं की एक बाजू वर आणि एक खाली राहते, कंबर तिरकी होते, आणि तशीच तिरकी बसून माणूस सांगलीहून वाशीपर्यंत रात्रभर गाडी हाणतो. मग कंबर धरली म्हणून मलम चोळत बसतो. कमरेला लावलेला किल्ल्यांचा जुडगा, शर्टाच्या खिशातला मोबाईल, पेन हेही काढून ठेवा. जोराचा ब्रेक लागला की पट्टा ज्या जागी दाबतो तिथेच या वस्तू असतात.

पायाखालची जागा बघा. पाण्याची बाटली, पाना, फडकं, नारळाची करवंटी, काहीही असो, ते ब्रेकच्या पॅडलखाली जाता कामा नये. घाट उतरताना घरंगळत आलेली एक बाटली पॅडलखाली अडकली तर ब्रेक अर्धाच दाबला जातो. चप्पलही तशीच. मागून पट्टा नसलेली चप्पल पॅडलवरून निसटते. पातळ तळव्याचा बूट किंवा टाचेला पट्टा असलेली सँडल घाला.

सीटवर टाकलेली जाड गादी, दुमडलेली चादर, उशी हे सगळं काढा. हे ऐकून बरेच जण नाराज होतात. पण मऊ गादीवर माणूस आत दबतो, गाडी एकदम थांबली की अंग आधी गादीतून पुढे सरकतं आणि पट्टा उशिरा पकडतो. मण्यांचं पातळ कव्हर एक वेळ चालेल, तेही घट्ट बांधलेलं आणि पट्ट्याचं बकल झाकणार नाही असं.

सीट लावणं

आत चढल्यावर नितंब अगदी मागे, पाठ आणि बैठक यांच्या सांध्यापर्यंत सरकवा. निम्म्या सीटवर बसून पाठ मागे टेकवायची सवय फार जणांना असते. तसं बसून पुढचं काही केलं तर सगळं माप चुकतं.

पहिलं माप उंचीचं. सीट एवढी वर घ्या की समोरचा रस्ता जवळात जवळचा दिसेल, पण टाच जमिनीवर टेकलेली राहील. मांड्या साधारण जमिनीला समांतर किंवा गुडघ्याकडे किंचित उतरत्या असाव्यात. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांच्यात दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. तिथे कड दाबत असेल तर पायाला मुंग्या येतात, आणि मुंग्या आलेला पाय ब्रेकवर किती जोर देतोय हे कळत नाही. काही सीटना बैठकीची पुढची बाजू वर-खाली करायची वेगळी दांडी असते, ती यासाठीच.

दुसरं माप अंतराचं, आणि यात सगळ्यात जास्त चूक होते. डावा पाय क्लचवर ठेवून क्लच पार तळापर्यंत दाबा. त्या वेळी गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. गुडघा स्टेअरिंगच्या खालच्या भागाला लागत असेल तर मागे. मग उजव्या पायाने ब्रेकही पुरा दाबून बघा, टाच जमिनीवर ठेवून. एअर ब्रेकच्या गाडीत पाऊल टाचेवर फिरवून ब्रेक मोजून दाबायचा असतो. सीट लांब असली की टाच उचलावी लागते, मग ब्रेक झटक्याने लागतो आणि मागचा माल पुढे येतो.

सीट पुढे-मागे केल्यावर ती खटक्यात बसली की नाही हे बघायचं कसं, तर दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून पाठीने मागे जोर द्या, मग पुढे ओढा. सीट तसूभरही हलता कामा नये. हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे.

खूप वर्षांपूर्वी कराडहून चिपळूणला साखर घेऊन चाललो होतो. हेळवाकच्या पुढे एक चढ लागला. मला जरा ऐसपैस बसायचं होतं म्हणून मी कोयनानगरला चहा घेऊन निघताना सीट मागे केली होती, पण खटका अर्धवट बसला होता. एका वळणावर खालचा गिअर घ्यायला क्लच दाबला. क्लच जड. पायाने क्लच दाबायच्या ऐवजी सीटलाच मागे ढकललं. सीट सरकन रुळावरून मागे गेली, क्लच अर्धाच दाबला गेला, गिअर कर्र करून बाहेर आला आणि गाडी न्यूट्रलमध्ये. लोड गाडी, चढ, मागे एक एसटी. ब्रेकपर्यंत पाय पोचायला मला सीटवरून पुढे घसरावं लागलं. गाडी चार-पाच फूट मागे आली आणि थांबली. क्लीनरने उडी टाकून चाकामागे दगड लावला तेव्हा माझे पाय थरथरत होते. एसटीच्या ड्रायव्हरने अंतर ठेवलं होतं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून खटका तपासल्याशिवाय मी गाडी जागची हलवलेली नाही, आणि शिकाऊ पोरालाही हलवू देत नाही.

अंतरानंतर पाठीचा कोन. पाठ काटकोनात ताठ नको आणि आरामखुर्चीसारखी आडवीही नको. काटकोनापेक्षा थोडी मागे झुकलेली, साधारण १०० ते ११० अंश. खांदे मागे टेकवून हात लांब करा आणि मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवा. खांदा न उचलता मनगट टेकलं तर कोन बरोबर. नुसती बोटंच पोचत असतील तर पाठ उभी करा. रेलून गाडी चालवणं ऐटदार दिसतं, पण मान सतत पुढे काढावी लागते. त्याहून वाईट म्हणजे धडक बसली की माणूस पट्ट्याच्या खालून पुढे घसरतो, आणि कमरेवर असायला हवा तो पट्टा पोटात रुततो.

कमरेच्या आधाराचा नॉब किंवा हवेचं बटण असेल तर कमरेची नैसर्गिक पोकळी भरेल एवढाच आधार द्या. तिथे काही नसेल तर टॉवेलची छोटी गुंडाळी चालते, मूठभर जाडीची. डोक्यामागचा आधार डोक्याच्या वरच्या टोकाइतका उंच असावा आणि डोक्यापासून चार बोटांपेक्षा लांब नसावा. मागून ठोकर बसली की मान मागे झटकते, ती अडवायला तो असतो. त्यावर टॉवेल वाळत घालणं थांबवा.

उसळी मारणारं सीट

नव्या गाड्यांत खाली स्प्रिंगचं किंवा हवेचं सस्पेन्शन असलेलं सीट येतं. त्यावर वजनाचा नॉब असतो, किलोचे आकडे लिहिलेले. हा नॉब आयुष्यात एकदाही न फिरवलेले ड्रायव्हर मला दर आठवड्याला भेटतात. तुमचं वजन ६५ किलो आणि नॉब ११० वर, तर सीट दगडासारखं कडक राहतं आणि प्रत्येक हादरा सरळ मणक्यात जातो. उलट तुम्ही ९५ किलोचे आणि नॉब ६० वर, तर प्रत्येक खड्ड्यात सीट खाली जाऊन धाडकन आपटतं. नॉब आपल्या वजनावर लावा, मग बसल्या बसल्या दोनदा अंग वर-खाली करून बघा. सीट वर-खाली दोन्हीकडे थोडं हललं पाहिजे, पण कुठल्याच टोकाला आपटता कामा नये.

हवेचं सीट असेल तर त्याला हवा गाडीच्या हवेच्या टाकीतूनच मिळते. रात्रभर उभ्या गाडीत हवा उतरलेली असते, सीट खाली बसलेलं असतं. तशात माप घेऊ नका. इंजिन चालू करून हवेच्या दाबाच्या घड्याळात हवा पुरती भरू द्या, मग सीटची उंची लावा. नाहीतर सगळं लावून निघालं की चार किलोमीटरवर सीट आपोआप वर येतं आणि पाय लोंबकळायला लागतात.

वर्षानुवर्षं बसणाऱ्या हादऱ्यांनी ट्रक ड्रायव्हरची कंबर जाते, हे डॉक्टरही सांगतात. विट्याकडून जतच्या बाजूला खराब रस्त्याने महिनाभर खेपा केलेल्याला ते सांगावंही लागत नाही. सस्पेन्शनचं सीट असून नॉब न वापरणं म्हणजे मिळालेलं औषध न घेणं.

स्टेअरिंग आणि आरसे

स्टेअरिंग वर-खाली, पुढे-मागे होत असेल तर ते सीटनंतर लावा. छाती आणि स्टेअरिंग यांच्यात एक वीत आणि वर चार बोटं एवढं अंतर हवं, पोट आणि खालची कड यांच्यात निदान मूठभर. मीटर स्टेअरिंगच्या आऱ्यांमधून स्पष्ट दिसले पाहिजेत. लॉक पक्कं करा आणि एकदा हलवून बघा.

आरसे सगळ्यात शेवटी, कारण सीट दोन बोटं हलली तरी आरशातलं सगळं चित्र बदलतं. सपाट आरशात आपल्या हौद्याची कडेची पातळ पट्टी दिसावी आणि बाकी सगळा रस्ता. बाहेरच्या फुगीर आरशात मागची मोटरसायकल असते त्यापेक्षा लांब वाटते, हे ध्यानात ठेवा. डावीकडचा आरसा लावताना स्वतः वाकू नका. जागेवर बसून राहा आणि क्लीनरला बाहेरून फिरवायला सांगा.

आता पट्टा

एवढं केलं असेल तर पट्टा आता निम्मा आपोआप बसतो. तो उजव्या खांद्यामागून सावकाश ओढा. पीळ पडलेला नसावा. पीळ पडलेला पट्टा दोरीसारखा होतो आणि ताकद सगळ्या रुंदीवर न जाता एका रेषेत जाते. बकलमध्ये खट आवाज येईपर्यंत घाला, मग एकदा हिसडा देऊन बघा.

खालचा भाग पोटावर नको. तो कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर, मांडीच्या वरच्या टोकाशी, पोटाच्या खालून गेला पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर एका हाताने पोट उचला आणि पट्टा खाली सरकवा. हे मी वर्गात सांगतो तेव्हा पोरं लाजतात, पण पोटात आतडी, यकृत, प्लीहा आहेत आणि ते धक्का सोसत नाहीत. हाड सोसतं. पट्टा पोटावर आवळतो अशी तक्रार असलेल्यांनी एवढंच करून बघावं, तक्रार तिथेच संपते.

वरचा भाग मानेला घासता कामा नये आणि दंडावर घसरताही कामा नये. तो खांद्याच्या मधून, गळ्याच्या हाडावरून, छातीच्या मध्यातून तिरका खाली यावा. दाराच्या खांबावर जिथून पट्टा येतो तिथे वर-खाली सरकणारी कडी असेल तर बटण दाबून ती आपल्या उंचीला लावा. गळ्याला काचण्याचं कारण बहुतेक वेळा ही कडी वर राहिलेली असणं किंवा सीट फार खाली असणं. काचतो म्हणून पट्टा काखेतून घेणं तर अजिबात नको. काखेतून गेलेला पट्टा बरगड्या मोडतो, आणि मोडलेली बरगडी फुफ्फुसात घुसते.

खड्ड्यात खांदा ओढला जाणं, ही तिसरी तक्रार, थोडी वेगळी आहे. काही गाड्यांत सीट वर-खाली उसळतं आणि पट्टा मात्र केबिनच्या खांबाला बांधलेला असतो. सीट खाली गेलं की पट्टा खांदा ओढतो. वजनाचा नॉब बरोबर लावला की उसळी कमी होते आणि ओढणंही कमी होतं. ज्या सीटला पट्टा सीटमध्येच बसवलेला आहे तिथे हा प्रश्नच नसतो, कारण माणूस आणि पट्टा एकत्र वर-खाली होतात. नवी गाडी घेताना मालकाला हे विचारायला सांगा.

आणखी एक. घाटात उभ्या गाडीत पट्टा ओढला आणि तो अडकला, की लोक म्हणतात खराब झाला. तो खराब नसतो. आत एक छोटा गोळा किंवा लंबक असतो, गाडी तिरकी झाली किंवा एकदम थांबली की तो सरकून पट्टा गुंडाळणारी चक्री अडवतो. जोरात ओढलं तरी अडकतो. पट्टा पूर्ण आत जाऊ द्या आणि सावकाश ओढा. तरी येत नसेल तर गाडी उतारावर उभी आहे म्हणून, त्यामुळे घाट लागायच्या आधी सपाटीलाच लावा. हीच चक्री तपासायची खूणही आहे. सपाट जागेवर पट्टा एकदम हिसकला तर तो अडकलाच पाहिजे. अडकला नाही तर चक्री गेली, बदला.

पट्टा सैल राहावा म्हणून त्याला कपड्याचा चिमटा लावणं, बकलमध्ये नुसती क्लिप घालून बीप बंद करणं, पट्टा सीटच्या मागून फिरवून लावणं, हे सगळं मी पाहिलं आहे. आनेवाडीचा टोल नाका दिसला की पट्टा खांद्यावरून ओढून हाताने धरून ठेवणारेही आहेत. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमाखाली पट्टा न लावल्याचा दंड १,००० रुपये आहे, तो वाचतो एवढंच.

"गाडी गेली तर उडी मारता येते"

पट्टा न लावण्याचं खरं कारण पुष्कळांच्या मनात हे असतं. ब्रेक गेला, गाडी दरीकडे चालली, तर दार उघडून बाहेर पडता यावं. पूर्वी मीही असंच मानायचो.

आता हिशेब बघा. ताशी ६० किलोमीटरने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दार उघडून, पाय बाहेर काढून, उडी मारायला दोन-तीन सेकंद तरी लागतात. त्या वेगात अंग डांबरावर पडलं तर वाचेल कसं? आणि मागचं चाक अंगावर येणारच नाही कशावरून? गाडी उलटते तेव्हा पट्टा नसलेला ड्रायव्हर काचेतून किंवा दारातून बाहेर फेकला जातो आणि आपल्याच केबिनखाली सापडतो. बांधलेला माणूस निदान आतल्या जागेत राहतो, शुद्धीवर असला तर बकलचं लाल बटण एका अंगठ्याने दाबून सुटतो. हाताने गच्च धरीन म्हणणाऱ्यांसाठी दुसरा हिशेब: ६० च्या वेगातून एकदम थांबणं म्हणजे १४ मीटरवरून, चौथ्या मजल्याच्याही वरून पडणं. ४० च्या वेगातही सहा मीटर होतात. तिथे हात काय धरणार?

आपल्या भागात एकदम थांबायची वेळ घाटातच येते असंही नाही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कराड ते पेठ नाका आणि आतल्या सगळ्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने किंवा उसाच्या पाल्याने झाकलेला असतो. हेडलाईटच्या उजेडात उसाची टोकं दिसतात तेव्हा अंतर फार कमी उरलेलं असतं. ब्रेक पुरा दाबायला पाठ मागे घट्ट टेकलेली लागते, आणि अंग जागेवर ठेवायला पट्टा. गाडी वाचवायची संधी त्यालाच मिळते जो स्टेअरिंगसमोर बसून राहिला आहे.

तीन ठिकाणी बांधलेला हा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने १९५९ साली तयार केला. त्याआधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचा. कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं, म्हणून आज तो आपल्याही गाडीत आहे.

जुनी केबिन, क्लीनरची बाजू, पट्ट्याची निगा

नुसती चेसी, म्हणजे केबिन नसलेला गाडीचा सांगाडा, घेऊन गावात बांधलेली केबिन असेल तर पट्ट्याचे बोल्ट कशात बसवले आहेत ते आधी बघा. लाकडात किंवा पातळ पत्र्यात मारलेला बोल्ट धक्क्यासरशी उपटून येतो. तो केबिनच्या मजबूत लोखंडी भागात हवा, आणि हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा जाणत्या बॉडीवाल्याकडूनच करून घ्या. सीटच्या रुळाचे चारही बोल्ट महिन्यातून एकदा पान्याने तपासा.

क्लीनरच्या सीटलाही पट्टा असतो, तो बहुतेक वेळा सीटखाली धूळ खात पडलेला असतो. काढा, पुसा, त्याला लावायला शिकवा. मागच्या एका पोराने मला विचारलं, "मामा, मी तर गाडी चालवत नाही, मला कशाला?" मी म्हणालो, "बाळा, काचेला तुझं कपाळ आधी लागतं, तुझ्यापुढं तर स्टेअरिंगपण नाही." तीन माणसांच्या जागेत पाच हमाल बसवून नेणं मात्र कुठल्याच पट्ट्याने सुरक्षित होत नाही.

हळदीची, सिमेंटची धूळ पट्ट्याच्या विणीत आणि चक्रीत जाते, मग पट्टा आत ओढला जात नाही आणि सैल राहतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढून साध्या साबणाच्या कोमट पाण्याने फडक्याने पुसा आणि सावलीत वाळू द्या. डिझेल, पेट्रोल, ब्लीच लावू नका, धागा कुजतो. कड उसवलेली, धागे निघालेले, बिडी-सिगारेटने भोक पडलेलं असेल तर शिवून घेऊ नका, नवा बसवा. मोठ्या धडकेत एकदा ताण बसलेला पट्टा बाहेरून नवा दिसला तरी बदलायचाच असतो.

उतरताना केबिनमधून उडी मारू नका. तोंड केबिनकडे, दोन हात आणि एक पाय कायम टेकलेला. तासन् तास बसून आखडलेला गुडघा उडीने जातो.

दोन ड्रायव्हरांची गाडी असेल तर प्रत्येक बदलीला हे सगळं नव्याने करावं लागतं, आणि रात्री दोन वाजता पेठ नाक्यावर चहा पिऊन झोपाळलेल्या डोळ्यांनी नेमका तेव्हाच कंटाळा येतो. मी आणि माझा जोडीदार यांनी सीटच्या रुळावर पेंटने खुणा केल्या होत्या. माझी पांढरी, मागून चौथ्या खाचेवर. त्याची पिवळी, सहाव्या खाचेवर, कारण तो माझ्यापेक्षा वीतभर ठेंगणा. वजनाचा आकडा दारावर आतून खडूने लिहिलेला, त्याचा ६०, माझा ८०. खुणेवर सीट आणायची, खटका हलवून बघायचा, आरसे फिरवायचे, पट्टा लावायचा. "लागला का?" असं बसलेल्याला दुसऱ्याने विचारायचं आणि "लागला" ऐकल्यावरच खाली झोपायला पाठ टेकायची.